तुम्ही विचारलंत म्हणून: भोंडल्याचे ते धडे कुणाकडून करून घेतले?

परवा इंदूरच्या एका मंडळातल्या बाईंचा फोन आला. त्याआधी ग्वाल्हेरहून आला होता, त्याआधी ठाण्याहून. प्रश्न एकच. "तुमचे ते भोंडल्याचे मोबाइलवरचे धडे आमच्या मुलींनी पाहिले. कुणाकडून करून घेतलेत हो? आणि किती लागले?"

नाव सांगून उपयोग नाही, असं मी म्हणते तेव्हा समोरच्या बाईला वाटतं की मी लपवतेय. तसं नाही. याच कामासाठी आम्ही त्याआधीही एकदा पैसे मोजले होते आणि ते पाण्यात गेले होते. त्या मंडळींना मी दोष देत नाही. आम्ही जे मागितलं तेच त्यांनी दिलं. मागताच आलं नव्हतं आम्हाला.

आमचा भोंडला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या अंगणात व्हायचा. आता वाडा नाही आणि बायकाही विखुरल्या. कुणी मांजलपूरला, कुणी कारेलीबागेत, मुली पुण्याला नाहीतर न्यू जर्सीला. त्यात हे बडोदं. नवरात्रात रात्री नऊ वाजले की अख्खं शहर गरब्याला. भोंडल्याच्या वाट्याला येतात संध्याकाळचे दोन तास. मुली चणियाचोळी घालूनच येतात, पाटावरच्या हत्तीभोवती एक फेर धरतात, खिरापत ओळखायच्या आधीच खातात आणि पळतात. गरब्यावर माझा राग नाही, मीही जाते. पण गाणी कुणाला येत नाहीत आणि नवीन तर कुणीच रचत नाही, हे डाचायचं.

भोंडल्याचं गाणं मुळात एकटीचं नसतंच. एका ओळीवर दुसरी चढते, सासू सुनेला सासऱ्याकडे पाठवते, सासरा दिराकडे, अशी साखळी लांबत जाते. दमसास असेल तिने आणखी एक कडवं जोडायचं. म्हणजे जमून रचण्याची सोय त्या घाटातच आहे. आम्हाला एवढंच हवं होतं की लांब राहणाऱ्या बायकामुलींनी घरबसल्या चाल शिकावी, आपलं कडवं जोडावं आणि ते सगळ्यांनी मिळून म्हणावं.

आणि आम्ही मागितलं काय? कागद मीच लिहिला होता. बत्तीस वर्षं हिशेबखात्यात गेली, त्यामुळे कागद कसा लिहायचा ते मला येतं अशी माझी समजूत. "भोंडल्याची सविस्तर माहिती देणारा आकर्षक व्हिडिओ, अंदाजे ४० मिनिटे." आला तसाच व्हिडिओ. ड्रोनमधून सुरसागर तलाव, मग सतारीचे सूर, मग भरदार पुरुषी आवाजात "हस्त नक्षत्रात सूर्याने प्रवेश करताच…" ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली, "अप्रतिम" आलं. कडवं एकही आलं नाही.

पुढे त्यातलं एक गाणं बदलायचं ठरलं तेव्हा कळलं की पडद्यावरची अक्षरं जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आहेत, त्यामुळे मजकूर उचलला की नुसती चिन्हं उमटतात. मूळ फाइली आमच्याकडे नाहीत, कागदात मागितल्याच नव्हत्या. आणि सतार कुठल्याशा भाड्याच्या संग्रहातली, ती पुन्हा वापरायची तर पुन्हा पैसे.

त्या वर्षी मी बरीच चिडचिड केली. मग एकदा दुपारी आमच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरताना एक गोष्ट सुचली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, हे बडोद्याच्या प्रत्येक मराठी घरात सांगतात. फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्यांचंही कौतुक होतं. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावाला जायची. पण ती पेटी *परतही* यायची, वाचली गेली की नाही ते कळायचं, पुढच्या खेपेला दुसरी पुस्तकं जायची. आमचा व्हिडिओ नुसता गेला. परतीच्या वाटेचा विचारच त्यात नव्हता.

याच शहरात १८८६ साली गायनशाळा निघाली. ती चालवणाऱ्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बसवून पाठ्यपुस्तकं केली. का? तर समोर उस्ताद नसतानाही शिकणाऱ्याला गाता यावं म्हणून. पुस्तक वाचून संगीताबद्दल आदर वाढावा एवढाच त्यामागचा हेतू नव्हता. मी मात्र चाळीस मिनिटांचा आदर विकत घेऊन बसले होते.

दुसऱ्यांदा कागद लिहिला तेव्हा "माहिती" हा शब्दच वापरला नाही. वर एकच ओळ लिहिली: "हे पाहून झाल्यावर बाईने पंधरा मिनिटांत एक कडवं रचून आम्हाला पाठवलं पाहिजे." बाकीचा सगळा कागद या ओळीतून निघाला.

काम घेतलं फाइन आर्ट्समधून शिकून बाहेर पडलेल्या एका गुजराती मुलीने. तिला भोंडला म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आमच्यातल्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. पण तिने पहिल्याच बैठकीत विचारलं, "मासी, हाथी वच्चे केम?" म्हणजे हत्ती मध्येच का? आणि आमच्याकडे चार बायकांची चार उत्तरं निघाली. त्या चार उत्तरांतून पहिला धडा तयार झाला. जिला सगळं ठाऊक आहे तिने हा प्रश्न विचारलाच नसता.

सगळे धडे एकदम करायचे नाहीत, आधी एकच करायचा, असं आम्ही ठरवलं. त्याचे पैसे वेगळे. तो धडा तीन बायका आणि दोन मुलींच्या हातात दिला आणि आम्ही गप्प बसलो. गप्प बसणं सगळ्यात कठीण गेलं. मांजलपूरची एकजण सारखी मागे नेऊन तीच ओळ ऐकत होती, तेव्हा कळलं की चाल फार भरभर आहे. एका मुलीने अर्ध्यावर फोन उपडा ठेवला आणि नुसतं ऐकत राहिली. त्यावरून आम्ही प्रत्येक धड्याचा नुसता आवाज वेगळा काढून घेतला, आणि आज सगळ्यात जास्त तोच फिरतो. पोळ्या लाटताना पडद्याकडे कोण बघणार?

आणखी एक गोष्ट त्या चाचणीत निघाली, ती इथल्याच लोकांना पटेल. आमच्या नाती मराठी बोलतात, पण शाळेत शिकतात गुजराती आणि इंग्रजी. देवनागरी अडखळत वाचतात. म्हणून गाण्याच्या ओळी दोन लिप्यांत घेतल्या, देवनागरीत आणि गुजरातीत, मराठी शब्द तसेच ठेवून. त्या ओळी चित्रात भाजून टाकायच्या नाहीत, वेगळ्या फाइलीत द्यायच्या, हे कागदात लिहिलं. उद्या न्यू जर्सीच्या नातीला रोमन लिपी हवी असली तर व्हिडिओ पुन्हा करायला नको.

आता भांडणाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. गायकवाडांच्या मागोमाग बडोद्यात आलेली मराठी माणसं काही एका गावची नव्हती. कुणी देशावरची, कुणी कोकणातली, कुणी खानदेशी. कुणाचा भोंडला, कुणाचा हादगा, कुणाची भुलाबाई. एका आजींनी गाणं म्हणून दाखवलं, वय वर्षं शहाऐंशी, मध्ये खोकला. ध्वनिमुद्रण ऐकून दुसऱ्या आजी म्हणाल्या, "आमच्यात असं नाही म्हणत. हे चूक आहे." झालं. आठवडाभर ग्रुप पेटला. समिती नेमून शुद्ध पाठ ठरवावा, असंही एकीने सुचवलं. मी अशा समित्यांत आयुष्य काढलंय, म्हणून नको म्हटलं. शेवटी त्या गुजराती मुलीनेच दोन्ही आजींना शेजारी बसवलं आणि दोन्ही पाठ एकामागून एक घेतले. मध्ये "आमच्यात असं नाही म्हणत" हे वाक्यही ठेवलं. त्या वाक्याने जे काम केलं ते चाळीस मिनिटांच्या भरदार आवाजाला जमलं नव्हतं. दोन रीती चालतात तर तिसरी, आपली, चालेलच की, असा धीर आला लोकांना. खोकला काढू का, असं तिने विचारलं होतं. काढू दिला नाही.

कायद्याचं मला जेवढं सांगता येतं तेवढं सांगते, कारण मंडळं इथेच फसतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन फिल्म करून घेतली आणि उलट करार नसला तर तिचा पहिला मालक करून घेणारा असतो. हे ऐकून लोक निश्चिंत होतात. पण वेगळा लिहून घेतलेला मजकूर किंवा बसवून घेतलेलं संगीत आपोआप आपलं होत नाही. त्याचे हक्क लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे न्यू जर्सीची नात बाहेरच. आजींच्या लोकगीताला लेखक नसला तरी गाणारीचा म्हणून वेगळा हक्क असतोच, तेव्हा त्यांचीही सही घेतली. पैसे घेईनात. नाव मात्र मोठ्या अक्षरात हवं म्हणाल्या, आणि ते त्यांच्या हक्काचंच होतं.

आम्ही सगळं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली ठेवलं आहे, नाव द्या आणि बदल केलात तर तोही असाच खुला ठेवा, या अटीवर. म्हणून इंदूरच्या बाईंना परवानगी मागायची गरजच नव्हती. त्यांनी मागितली, बरं वाटलं. फाँटही खुल्या परवान्याचा मुक्ता वापरला. मूळ फाइली, आवाजाचे वेगळे पट्टे, सगळं मिळाल्यावरच शेवटचा हप्ता दिला. फोनवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो पिळून टाकतं आणि हत्तीची डुकरीण होते.

खर्चाचं म्हणाल तर पहिल्या वेळेइतकाच झाला, थोडा कमीच. फरक वाटणीत. तेव्हा जवळजवळ सगळे पैसे चित्रीकरणात गेले होते. या वेळी त्यावर निम्मेही गेले नाहीत. उरलेले चाचणी, दुरुस्त्या आणि त्या दोन लिप्यांवर.

आणि शेवटच्या धड्याबद्दल तुम्ही सगळ्याच विचारता, म्हणून सांगते. तो बिघडलेला नाही. गाणं पुढे चालू राहतं, टाळ्या वाजत राहतात आणि शब्द थांबतात. ती रिकामी जागा आम्ही मागून घेतली आहे. पहिल्या आठवड्यात सतरा जणींनी कळवलं की आवाज गेलाय. मग कारेलीबागेतून पहिलं कडवं आलं: सून गरब्याला जायची परवानगी मागत घरभर फिरते आणि पाहते तो काय, सासूपासून दिरापर्यंत सगळे तिच्या आधीच मैदानात पोचलेले. त्यानंतर मात्र थांबायलाच तयार नाहीत.

एक ध्वनिमुद्रण ग्वाल्हेरहून आलंय. त्यात गाणं नाही. शब्द थांबतात, मागे कुकरची शिट्टी होते, बाई वाट बघत राहतात आणि अगदी शेवटी म्हणतात, "हं? आता मी म्हणायचं का?" तेही आम्ही ठेवलंय.