मोंतोनेचं सूर्यघड्याळ आणि न सापडणारी मराठी नावं

इटलीत पेरुजाहून चित्ता दी कास्तेल्लोकडे निघालं की टायबर नदीचं खोरं लागतं. उंबेर्तीदे मागे पडलं की उजव्या हाताला टेकडीवर तटबंदीतलं मोंतोने दिसतं. हा ई-४५ महामार्ग टोलमुक्त आहे, पण खड्डे असे की घरची आठवण यावी. गाडी तटाबाहेरच लावा. अशा जुन्या गावांत लाल वर्तुळाची 'झेड-टी-एल' (बाहेरच्या गाड्यांना मर्यादित प्रवेश) पाटी ओलांडली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी गाडी भाड्यानं देणाऱ्यामार्फत तुमच्यापर्यंत येतो.

इथलं सूर्यघड्याळ म्हणजे नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक. जुलै २०२३ मध्ये उभारलेलं. 'सगळे एकाच सूर्याखाली' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. माणगाव तालुक्यातले घाडगे तिसऱ्या बटालियनचे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, याच खोऱ्यात शत्रूच्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे (छोट्या तुकडीचे) बाकी सगळे जवान पडले. ते एकटेच मोर्च्यावर धावले. ग्रेनेडनं मशिनगन बंद पाडली, एकाला टॉमीगननं टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठार केलं. स्नायपरच्या गोळ्यांनी ते तिथेच गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक.

घड्याळाची सावली मनगटाशी जुळवू नका. इटलीची वेळ १५ अंश रेखांशाची, मोंतोने साधारण १२.३ वर, म्हणजे ११ मिनिटांचा फरक. त्यात उन्हाळ्यात पुढे सरकवलेला तास, आणि जुलैत सूर्यच आणखी पाचेक मिनिटं मागे असतो. साधं सूर्यघड्याळ तेव्हा सव्वा तास मागेच असणार.

आता थडगं. ते शोधत बसणं हीच आपल्या लोकांची नेहमीची चूक. इटलीत ५,७८२ भारतीय सैनिक पडले, पण हिंदू आणि शीख जवानांपैकी अनेकांना अग्नी दिला गेला. त्यांची नावं फोर्ली किंवा सांग्रो नदीकाठच्या दहन-स्मारकांवर मिळतात. ज्यांचा पत्ताच लागला नाही, त्यांची नावं कासिनोच्या युद्ध-स्मशानभूमीतल्या हिरव्या संगमरवरी स्तंभांवर. घाडग्यांचं नावही तिथेच.

तिथे आधी रेजिमेंट शोधायची. स्पेलिंग 'माह्राट्टा' असं, जुन्या वळणाचं. भारतीय नावं बहुधा पहिल्या नावानं लावलेली असतात, त्यामुळे 'जी' खाली घाडगे शोधून हाती काही लागत नाही. 'वाय' खाली यशवंत बघा. त्याहून सोपं म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संकेतस्थळावरून पॅनेल क्रमांक घरूनच लिहून न्यायचा. रोमहून कासिनोला लोकल गाड्या आहेत, आणि स्टेशनातून स्मशानभूमीपर्यंत चालत जाता येतं. जुलैत टोपी हवीच.