श्रीखंडात कॉफी

पाडवा जवळ आला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक केशर-वेलचीवाल्यांचा, दुसरा ‘या वेळी जरा वेगळं करू या’वाल्यांचा. दुसऱ्या पक्षात बहुतेक मी एकटीच असते, पण चक्का मीच टांगते, त्यामुळे ठराव माझाच मंजूर होतो. यंदा मी कॉफीचं श्रीखंड जाहीर केलं. सासूबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “ते पुरीला लावायचं, की कपात घालून प्यायचं?”

खरं तर श्रीखंडाचं निम्मं यश कॉफीत नाही, केशरातही नाही, ते दह्यात असतं. म्हशीचं सायीसकट दूध, दही घट्ट लागलेलं पण आंबट न झालेलं. पाणी निघून गेलं की आंबटपणा उरलेल्या चक्क्यात आणखी जाणवतो, मग कितीही साखर ओता, जिभेला चरचरतंच. पूर्वी पुरचुंडी बांधून रात्रभर खुंटीला टांगायचे. आता पाडव्याच्या सुमारास इतकं उकडतं की बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबून जातं. म्हणून मी पातेल्यावर चाळणी, चाळणीत मऊ सुती फडकं आणि त्यात दही, असा सगळा सरंजाम फ्रीजमध्ये ठेवते. हाही बदलच म्हणायचा, पण याला कुणी ‘फ्यूजन’ म्हणून नाक मुरडत नाही.

सकाळी ते फडकं सोडवायचं काम मी कुणाला देत नाही. गोळ्यावर कापडाची वीण जशीच्या तशी उमटलेली असते, कडा जरा कोरड्या पडलेल्या असतात आणि बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. खळगा बुजायला लागला तर समजावं, अजून पाणी आहे. खाली साठलेलं हिरवट पिवळं पाणी थालीपिठाच्या पिठात जातं.

साखर घातली की हा घट्ट गोळा बघता बघता सैल होतो. साखर चक्क्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. पहिल्यांदा करणारी माणसं इथे घाबरतात आणि घोटून घट्ट करायच्या नादात तो मिक्सरमध्ये फिरवतात. मग तर ते वाटीतून ओतताच येतं. आपण मुकाट्याने पुरणयंत्रातून काढावं, झाकावं आणि थंड व्हायला ठेवून द्यावं.

इथेच नव्या चवीची परीक्षा असते. जी चव सोबत पाणी घेऊन येते, तिला आधी वाट बघायला लावायची. स्ट्रॉबेरी कच्ची ठेचून घातली तर तासाभरात गुलाबी ताक होतं. ती साखरेवर आटवून, गार करून मगच घालावी. अननस तर त्याहून खट. कच्च्या अननसात दुधातली प्रथिनं तोडणारं एक द्रव्य असतं, त्याने श्रीखंड पातळ तर होतंच, शिवाय कडूही होतं. शिजवला की ते द्रव्य निकामी होतं आणि अननस शहाण्यासारखा वागतो. कॉफीचं बरं असतं. अर्धा किलो चक्क्याला दोन चहाचे चमचे इन्स्टंट पावडर, तीही चमचाभर कोमट दुधात विरघळवून. कोरडी भुरभुरली तर ठिपके ठिपके राहतात आणि एखादा दाताखाली आला की तोंड वेडंवाकडं होतं. साखर मात्र कमी करायची नाही, कॉफीचा कडवटपणा आणि दह्याचा आंबटपणा एकाच वेळी सांभाळायचा असतो. वर चिमूटभर मीठ. वेलची नको, दोघींचं जमत नाही. जायफळ चालतं, किंबहुना फारच छान चालतं.

‘पण परंपरा?’ हा प्रश्न जेवताना येतोच. या प्रश्नासाठी माझ्याकडे एक हुकमी पान आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘रसाला’ नावाचा पदार्थ आहे. म्हशीचं पाणी काढलेलं आंबट दही, पांढरी साखर, दूध घालून स्वच्छ कापडातून गाळायचं, आणि मग त्यात वेलदोडा, लवंग, कापूर आणि मिरी! भीमाने तो केला आणि श्रीकृष्णाने पुन्हा पुन्हा चाखला, असंही त्या श्लोकात म्हटलंय. दूध असल्याने तो आपल्या श्रीखंडाहून पातळ असणार, पण घराणं तेच. आता या यादीत केशर कुठेच नाही, आणि मिरीचं नाव काढलं तर आज आमच्या घरात निषेधसभा भरेल. आम्रखंडाचंही बघा ना. कुणीतरी पहिल्यांदा चक्क्यात आंब्याचा रस कालवला तेव्हा त्याच्याही सासूबाई चष्म्यावरून बघत असणार. आज ते डब्यातून आलं तरी कुणी हूं की चूं करत नाही.

सगळेच नवे प्रकार मला पटतात असं नाही. इवल्याशा काचेच्या पेल्यात खाली बिस्किटांचा चुरा, मध्ये श्रीखंड, वर पुदिन्याचं पान आणि खायला लाकडी चमचा, हे मला अजिबात मान्य नाही. त्यात चव बदलत नाही, फक्त पुरी गायब होते. आणि टम्म फुगलेली गरम पुरी फोडून तिच्यात गार श्रीखंड भरायचं, हाच तर या जेवणाचा सगळा मुद्दा आहे. तेवढं शाबूत ठेवा, मग आत खुशाल कॉफी घाला.

सासूबाईंनी पहिल्या पुरीला बोटभर लावून घेतलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या पुरीला वाटी स्वतःच पुढे ओढली. मग म्हणाल्या, “बरं झालंय. पण उद्या साधं पण कर हो.” म्हणजे पुन्हा दूध आणा, विरजण लावा. दुसऱ्या दिवशी उरलेलं कॉफीचं श्रीखंड जास्त मुरलं होतं, कडवटपणा पार मावळला होता. करायचं असेल तर एक दिवस आधीच करा. मुलांना मात्र दुपारच्या पानातच वाढा. रात्री वाढलंत तर त्यांना झोपवायलाही तुम्हालाच बसावं लागेल.