अद्रेच्या वाटेवर: दळण, पाणी आणि एक राहून गेलेला प्रश्न

सुदानमध्ये 15 एप्रिल 2023 रोजी लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. त्यातून जीव वाचवून आलेल्या, पश्चिम सुदानमधील दारफुर प्रांताच्या लोकांची मोठी वस्ती पूर्व चाडमधील अद्रे या सरहद्दीवरच्या गावाभोवती आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये एका पोषण पाहणीच्या कामासाठी मी तेथे बारा दिवस होतो. नुसते पाहायला म्हणून तेथे कोणी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कामासाठी जाणाऱ्यांना मात्र हा वृत्तांत उपयोगी पडावा.

चाडची राजधानी एन्जामेनाहून पूर्वेकडील अबेशे शहरापर्यंत संयुक्त राष्ट्रांची मानवतावादी विमानसेवा आहे, पण ती केवळ नोंदणीकृत संस्थांच्या माणसांसाठी चालते. पीतज्वराच्या लसीचा दाखला, प्रवासाचा परवाना आणि छायाचित्रे काढायची असल्यास त्याचा वेगळा परवाना, या तिन्हींच्या चार-चार प्रती जवळ ठेवाव्यात, कारण नाक्यावर ठेवून घेतलेला कागद परत मिळेलच असे नाही. कार्डाच्या भरवशावर राहू नये. मध्य आफ्रिकी फ्रँकच्या लहान नोटा राजधानीतूनच घ्याव्यात. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात एरवी कोरडे असणारे वाळूचे ओढे, ज्यांना तेथे वादी म्हणतात, अचानक भरून वाहतात आणि रस्ता कित्येक तास, कधी कित्येक दिवस बंद पडतो. त्या महिन्यांत जाणे भागच असेल तर परतीची तारीख कोणालाही देऊ नये.

अद्रेपासून अल-जिनेना हे पश्चिम दारफुरचे मुख्य शहर जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. जून 2023 मध्ये तेथे मसालीत समाजाची कत्तल झाली तेव्हा लोक पायी आणि गाढवाच्या गाड्यांवरून ही सरहद्द ओलांडून आले. चाळीसेक हजारांच्या गावाशेजारी दोन लाखांवर माणसे काटक्या, गवत आणि कापडाच्या आडोशांत राहू लागली. त्यांतील अनेकांना पुढे आतल्या छावण्यांमध्ये हलवण्यात आले. अशा छावण्यांपैकी फरशाना तर 2004 पासून, म्हणजे दारफुरच्या आधीच्या युद्धापासून वसलेली आहे. तेथेच जन्मलेल्या मुलींच्या कडेवर आता त्यांची स्वतःची मुले दिसतात.

आमच्या पाहणीत एक प्रश्न होता: या महिन्यात शिधा मिळाला का? बहुतेक बायकांनी 'हो' म्हटले आणि आम्ही खुणा करत पुढे गेलो. पाचव्या दिवशी दुपारी गिरणीपाशी सावली शोधत उभा असताना ओळीतल्या एका बाईने पोत्यातली ज्वारी दोन ढिगांत वेगळी केलेली दिसली. लहान ढीग कशासाठी, असे विचारल्यावर ती म्हणाली, "हा गिरणीवाल्याचा." ज्वारी अख्खी मिळते आणि दळायला पैसे नसतात, म्हणून धान्याचाच काही भाग दळणावळीत जातो, शिवाय सरपणासाठी एखादा कोरो, म्हणजे तेथील बाजारात चालणारे वाडग्याचे माप, विकावा लागतो. माणशी दिवसाला 2100 उष्मांक हा नियोजनाचा आकडा पोत्यावर बरोबर उतरतो, पण शिजलेल्या असिद्यात, म्हणजे पिठाच्या त्या घट्ट गोळ्यात, तो उरत नाही. सरपण विकत घ्यायचे नसेल तर बायकामुलींना वस्तीपासून दूर जावे लागते, आणि तेथे जाणे धोक्याचे असते.

पाण्याचेही तसेच. माणशी दिवसाला किमान 15 लिटर हा मान्य निकष आहे. सहा जणांच्या घराला नव्वद लिटर म्हणजे वीस लिटरचे साडेचार कॅन झाले. ज्या घरात एकच कॅन आहे त्या घरातल्या मुलीला रांगेत पाच वेळा उभे राहावे लागते. नळाला पाणी किती आले एवढे मोजून हे कळत नाही. कॅन किती आहेत आणि ते फुटके तर नाहीत ना, हेही विचारावे.

लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजताना पट्टी 115 मिलिमीटरच्या खाली गेली की मूल अतितीव्र कुपोषित ठरते आणि त्याला 500 उष्मांकांची शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटे दिली जातात. औषधासारखी मोजून दिलेली ही पाकिटे घरी भावंडांत वाटली जातात. त्यावरून आईला बोल लावणारे एक-दोन सहकारी भेटले. मला ते रुचले नाही. इतर मुलांच्या ताटात काय आहे, हे त्यांनी विचारले नव्हते.

दुभाष्याच्या बाबतीत चूक माझी होती. मी अरबी जाणणारा तरुण बरोबर घेतला. वयस्कर बायका मसालीत बोलत होत्या आणि पुरुषासमोर शौचालय, पाळी किंवा वाटेवर झालेल्या अत्याचाराविषयी त्या बोलणे शक्यच नव्हते. मसालीत बोलणारी बाईच दुभाषी हवी, आणि तिचे मानधन आधी ठरवून वेळेवर द्यावे. नसेल तर ते प्रश्न विचारूच नयेत. कुटुंबात माणसे किती, हे विचारतानाही थांबावे. एका बाईने सात सांगितली, आडोशात पाच होती. उरलेली दोन अजून पलीकडे होती.

सहाव्या दिवसापासून आम्ही प्रत्येक कागदाच्या समासात हाताने एक ओळ लिहू लागलो: मिळालेल्या धान्यातले किती घरी शिजले? पहिल्या पाच दिवसांच्या कागदांवर ती जागा रिकामीच आहे. पुढे जाणाऱ्यांनी हा प्रश्न छापूनच न्यावा.