औषध सापडलं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही. टीबीवर इतकी वर्षं काम करूनही मी एकही औषध शोधलेलं नाही. लग्नाकार्यात कुणी मावशी-काका भेटले की हा प्रश्न ठरलेला, आणि 'नाही' म्हटलं की पुढचा: 'मग तू करतेस तरी काय?'

जंतू काय खातो आणि खाल्लेल्याचं काय करतो, हे मी मोजते. पेशीत सतत शेकडो लहान रेणू बनत-मोडत असतात, साखरा, अमिनो आम्लं, व्हिटॅमिनं. त्या सगळ्यांची एकदम झडती घ्यायची, याला म्हणतात मेटाबोलोमिक्स. मी मूळची केमिस्ट्रीची; जंतूंशी गाठ पडली ती पीएचडीनंतर. टीबीच्या जंतूचा जीनोम 1998 मध्येच वाचून झाला होता, सुमारे 4,000 जनुकं. पण त्यातली कितीतरी नेमकं काय करतात याचा पत्ता नव्हता, आणि निव्वळ यादी वाचून तो लागणारही नव्हता.

हा जंतू भलता संथ. ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. आम्ही त्याला फिल्टरच्या चकतीवर वाढवतो, ती चकती औषध घातलेल्या माध्यमावर ठेवतो आणि ठरल्या वेळी चिमट्याने उचलून उणे 40 अंशांच्या सॉल्व्हंटमध्ये बुडवतो. तिथे हात रेंगाळून चालत नाही, काही रेणू सेकंदांत बदलतात. आणि हे सगळं श्वासाचा मास्क लावून, हातमोज्यांवर हातमोजे चढवून. मग अर्क गाळून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये. ते यंत्र वजन सांगतं, नाव सांगत नाही. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वजन तंतोतंत एकच! पडद्यावर प्रत्येक वजनाचं एक शिखर उमटतं, आणि त्यातल्या बऱ्याचशा शिखरांना तर अजून नावच नाही. माझी अर्धी नोकरी त्या बेवारस शिखरांमागे गेली, आणि खरं सांगायचं तर मला त्यातच जास्त मजा येते.

पण याचा उपयोग काय, असं विचाराल, तर 'पास'ची गोष्ट सांगते. पॅरा-अमिनोसॅलिसिलिक आम्ल, टीबीचं एक जुनं औषध. पूर्वीच्या पेशंटना दिवसाला 10-12 ग्रॅम घ्यावं लागे, पोटाची पार वाट लागायची. मद्रासला 1950 च्या दशकात सॅनेटोरियमऐवजी घरी ठेवूनही टीबी बरा होतो हे सिद्ध झालं, तेव्हा आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीला हेच होतं. ते सुचलं मुळात जंतूच्या चयापचयावरूनच: सॅलिसिलिक आम्ल दिलं की जंतू जास्त ऑक्सिजन ओढतो, असं बर्नहाइम या अमेरिकन शास्त्रज्ञांना 1940 मध्ये दिसलं. स्वीडनच्या योर्गन लेहमन यांनी विचार केला, त्याच्यासारखाच पण किंचित बदललेला रेणू दिला तर जंतू अडेल. औषध लागू पडलं. का, ते मात्र कळलं नाही. सल्फा औषधांसारखं ते फोलेट (जंतूला वाढायला लागणारं एक व्हिटॅमिन) बनवणारं एन्झाइम बंद पाडत असावं, असा बराच काळ समज होता.

2013 मध्ये न्यूयॉर्कच्या क्यू री यांच्या गटाने मेटाबोलोमिक्स वापरून पाहिलं, तर एन्झाइम बंद वगैरे काही नव्हतंच. ते उलट 'पास'लाच कच्चा माल समजून वापरत होतं. खरा कच्चा माल आणि 'पास' यांत फरक एका हायड्रॉक्सिल गटाचा. जंतू हे खोटं नाणं घेतो, त्यातून खोटं फोलेट बनवतो आणि पुढे तेच त्याच्या मुळावर येतं. म्हणजे विष जंतू स्वतःच तयार करतो. काही जंतूंवर 'पास' का चालत नाही, त्याचाही एक धागा इथेच लागतो: त्यांच्यात फोल-सी हे जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे खोट्या मालाची पुढची पायरीच होत नाही.

तो पेपर वाचला तेव्हा मला जळफळाटच झाला होता, हे आपण का नाही केलं म्हणून.

पायराझिनामाइडचं तर आजही तसंच आहे. टीबीच्या नेहमीच्या उपचारात पहिले दोन महिने ते दिलं जातं, 1950 च्या दशकापासून माहीत आहे, जंतूचंच एक एन्झाइम त्याला कामाला लावतं हेही ठाऊक आहे. पण त्यानंतर ते जंतूला नेमकं कसं मारतं यावर अजून वाद चालू आहेत. ते चालायला आम्लधर्मी माध्यम लागतं, आणि त्यात आमचा संथ जंतू आणखी संथ होतो. सध्या आम्ही त्याच्याच मागे आहोत.