नॉर्थ बेरिक: एडिंबरापासून अर्ध्या तासावरचा समुद्र

एडिंबरा बघायला आलेली आपली बहुतेक मंडळी किल्ला, रॉयल माइल आणि हायलँड्सची (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाची) दिवसभराची बससहल उरकून परततात. जूनमध्ये आई-बाबा आले होते. त्या लांबलचक बससहलीऐवजी मी त्यांना नॉर्थ बेरिकला नेलं, आणि साठीच्या पुढची माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील तर मी तुम्हालाही हेच सुचवेन.

वेव्हर्ली स्टेशनवरून स्कॉटरेलची गाडी आहे, साधारण तासाला एक. अर्ध्या तासात शेवटचं स्थानक. तिकीट काढताना ‘नॉर्थ’ आहे ना ते बघून घ्या, कारण बेरिक-अपॉन-ट्वीड हे इंग्लंडच्या हद्दीतलं निराळंच गाव आहे आणि तिकडच्या गाड्याही वेव्हर्लीवरूनच जातात. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ऊन पडलं की अख्खं एडिंबरा याच गाडीत असतं, त्यामुळे मधला वार गाठा. स्टेशनापासून बंदरापर्यंत दहा-पंधरा मिनिटांचा उतार आहे. येताना तोच चढ होतो, हे ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावं.

गावात काय बघायचं याचं उत्तर समुद्रातच उभं आहे. बास रॉक हा जुन्या ज्वालामुखीच्या नळीतला कठीण खडक, शंभरेक मीटर उंच, आणि उन्हाळ्यात पांढराशुभ्र. तो रंग खडकाचा नाही, गॅनेट पक्ष्यांचा आणि त्यांच्या विष्ठेचा. गॅनेटच्या शास्त्रीय नावातलं ‘बासानस’ याच खडकावरून आलंय. पंखांचा पसारा जवळपास सहा फूट. हा पक्षी उंचावरून पंख मागे दुमडून बाणासारखा पाण्यात घुसतो आणि मासा घेऊन वर येतो. बोट खडकाला वळसा घालते तेव्हा डोक्यावर हजारो पक्षी, कानठळ्या बसवणारा कलकलाट आणि नाकात सुक्या बोंबलाला लाजवेल असा वास. टोपी घालाच, कशासाठी ते तिथे गेल्यावर कळेल.

2022 मध्ये बर्ड फ्लूने इथे हाहाकार माजवला. 2014 च्या मोजणीत सुमारे 75 हजार घरट्यांच्या जागा होत्या, 2023 मध्ये त्या 52 हजारांच्या आसपास आल्या. आजारातून वाचलेल्या काही पक्ष्यांचे फिकट निळे डोळे काळे झालेत. दुर्बीण असेल तर असा एखादा शोधून बघा. गॅनेट फेब्रुवारी ते ऑक्टोबर असतात. पफिन हे इथले छोटे समुद्रपक्षी मात्र जुलैअखेर निघून जातात, म्हणून त्यांच्यासाठी मे-जूनच गाठावा.

बोटफेरी साधारण तासाभराची असते आणि तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. वारा वाढला की फेरी रद्द होते, तेव्हा सकाळची वेळ घ्या आणि बाकीचा दिवस मोकळा ठेवा. आईला बोट लागते, म्हणून ती बंदरावरच्या स्कॉटिश सीबर्ड सेंटरमध्ये थांबली. तिथे बास रॉकवर बसवलेले कॅमेरे आपल्याला हवे तसे फिरवता येतात. आम्ही लाटांवर आदळून, भिजून परतलो तर ही आरामात बसून पिल्लाला भरवणारी गॅनेट बघत होती. खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा तिनेच जास्त पाहिलं.

सेंटरच्या शेजारीच सेंट अँड्र्यूज या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. नुसते दगड म्हणून पुढे जाऊ नका. 1590 मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स डेन्मार्कहून नवी राणी घेऊन येताना वादळात सापडला, आणि ते वादळ चेटकिणींनी इथे जमून उठवलं असा आळ घेतला गेला. छळ करून कबुलीजबाब मिळवले गेले, माणसं मारली गेली. अ‍ॅग्नेस सॅम्पसन ही त्यांतली सर्वांत परिचित. चेटुककायद्याखाली बळी गेलेल्यांची औपचारिक माफी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर (सरकारप्रमुख) निकोला स्टर्जन यांनी मागितली ती थेट 2022 मध्ये.

जेवणाचं. मासे खाणाऱ्यांची चैन आहे, उन्हाळ्यात बंदरावर लॉबस्टर आणि खेकडा ताजा मिळतो. शाकाहारींनी एक लक्षात ठेवा: स्कॉटलंडमधल्या बऱ्याच फिश अँड चिप्सच्या दुकानांत बटाट्याचे चिप्ससुद्धा गाईच्या चरबीत तळतात. तेल कुठलं ते निःसंकोच विचारा. आमच्याकडे आईने करून आणलेले पराठे होते, ते वाळूत बसून खाल्ले. सीगलपासून सांभाळा, हातातला घास नेतात.

दुपारी बेरिक लॉ. गावामागची 187 मीटरची टेकडी, हीसुद्धा ज्वालामुखीचीच. माथ्यावर देवमाशाच्या जबड्याची कमान आहे. खरा जबडा कुजल्यामुळे 2005 मध्ये उतरवला, आत्ताचा फायबरग्लासचा आहे. रोज पर्वती चढणारे बाबा अर्ध्या तासात वर पोचले आणि वर वाऱ्यात उभंच राहता येईना. चढ छोटा पण तीव्र आहे. गुडघे दुखत असतील किंवा पाऊस पडून गेला असेल तर सोडून द्या. धुकं असेल तरीही, कारण इथे समुद्रावरून अचानक येणारं दाट धुकं सगळा देखावा पुसून टाकतं.

टँटॅलन किल्ला पूर्वेला पाचेक किलोमीटरवर आहे. डनबारच्या दिशेची बस तिथे थांबते, पण ती विरळ, त्यामुळे उतरतानाच परतीची वेळ बघून ठेवा किंवा तिघं-चौघं असाल तर टॅक्सी करा. चौदाव्या शतकात डग्लस घराण्याने बांधलेला हा किल्ला विजयदुर्गासारखाच: तीन बाजूंना पाणी, म्हणून जमिनीच्या बाजूला एकच अजस्र तांबूस भिंत. 1651 मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याच्या तोफांपुढे मात्र तिचा निभाव लागला नाही. बोट रद्द झाली तर बास रॉक बघायला याहून चांगली जागा नाही, समोरच दिसतो. एडिंबराचा किल्लाही बघणार असाल तर हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडचा एक्सप्लोरर पास घ्या, तो दोन्हीकडे चालतो. दगडांच्या तपासणीसाठी काही भाग अधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर नजर टाका.

बोट, लॉ आणि टँटॅलन तिन्ही एका दिवसात ज्येष्ठांना झेपत नाही, दोनच निवडा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाईने परतायची गरज नाही. पण कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट जूनमध्येही न्या.