हंपता पास जूनच्या पहिल्या आठवड्यात: पहाटे चारला निघणार नसाल तर जाऊ नका

हिमाचलमधला हंपता पासचा ट्रेक करून काल रात्री मनालीत परत आलोय, पायाचे घोटे अजून सुजलेत, पण आजच लिहून टाकतो कारण पुढच्या दोन आठवड्यांत जाणारे बरेच जण असतील आणि त्यांनाही ट्रेक कंपनीकडून फोनवर तेच सांगितलं जात असणार जे आम्हाला सांगितलं. "सर, जूनमध्ये थोडा स्नो पॅच मिळतो, फोटोपुरता." हे वाक्य मी तीनदा ऐकलं, बुकिंगच्या वेळी, पैसे भरताना आणि निघायच्या आदल्या दिवशी. प्रत्यक्षात पासच्या अलीकडचा कॅम्प, बालू का घेरा, सोडल्यावर वीस मिनिटांत बर्फ सुरू झाला तो पास ओलांडून पार खाली पलीकडच्या सियागोरू कॅम्पचे टेंट दिसेपर्यंत सलग होता, मध्ये कुठे उघडा दगड लागला की त्यावर दोन मिनिटं उभं राहायला मिळावं म्हणून लोक थांबत होते.

इंटरनेटवर हंपताचे जे हिरवेगार कुरणांचे आणि फुलांचे फोटो दिसतात ते जुलै-ऑगस्टचे असतात. पासची उंची साधारण ४२७० मीटर, तिथे थंडीत साठलेला बर्फ जून संपेपर्यंत वितळत असतो आणि उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर त्याहून उशिरापर्यंत टिकतो. या वर्षी तर एप्रिलमध्येही पडला होता असं गाइड म्हणाला. म्हणजे कंपनीला माहीत होतं. आम्हाला सांगितलं नाही एवढंच.

फिटनेसबद्दल लिहीत नाही, राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्याला दम कमी पडणार नाही. जोब्रा ते चिका आणि चिका ते बालू का घेरा हे दोन्ही दिवस सोपे आहेत, छान आहेत, त्याबद्दल वाचायला भरपूर मिळेल. मला बोलायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल.

आम्हाला सांगितलेली निघायची वेळ होती साडेपाच. तीही उशिराचीच, पण निघालो सात चाळीसला, कारण दोन ग्रुप एकत्र केले होते, चहा, नाश्ता, पॅक लंच, मग कोणाचे तरी गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीला बांधायची कव्हरं) सापडेनात. रात्री ढग होते. याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, आता कळलाय, म्हणून नीट सांगतो. आभाळ मोकळं असेल तर रात्री बर्फाची उष्णता निघून जाते आणि वरचा थर कडक गोठतो, पहाटे त्यावर मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायच्या रबरी पट्ट्याच्या दातेरी साखळ्या) घालून रस्त्यावर चालल्यासारखं चालता येतं. ढगाळ रात्री तो नीट गोठतच नाही. म्हणजे ढगाळ रात्रीनंतर तर अजूनच लवकर निघायला हवं, आणि आम्ही ऊन अंगावर घेत निघालो. नऊ वाजता घोट्यापर्यंत पाय जात होता, दहाला गुडघ्यापर्यंत, आणि मोठ्या दगडांच्या बाजूला तर मांडीपर्यंत, कारण दगड उन्हाने तापतो आणि त्याच्या कडेचा बर्फ आतून पोकळ होतो. दगड दिसला की आधार वाटून आपण त्याच्याकडेच जातो. जाऊ नका, दोन-तीन हात लांबून चाला.

आता तो पट्टा. पासच्या शेवटच्या चढाआधी एक आडवा ट्रॅव्हर्स आहे, डावीकडे चढ, उजवीकडे सरळ खाली नाल्यात जाणारा उतार आणि तळाला दगड. लांबी म्हणाल तर साठ-सत्तर मीटर, जास्त नाही. पण आम्हा चौदा जणांना तेवढ्याला पाऊण तास लागला. आधीच्या ग्रुप्सच्या पावलांच्या खाचा तिथे असतात, पहाटे त्या गोठून पायरीसारख्या पक्क्या असतात आणि दहानंतर त्यांची बाहेरची कड नरम पडून खाली ढासळायला लागते. माझ्या पुढे माझा मेहुणा होता, त्याच्या उजव्या पायाखालची कड तुटली आणि तो सॅकसकट घसरला. मी काही करू शकलो नाही, हात पुढे केला तोपर्यंत तो दहा फूट खाली होता. तो पालथा झाला, कोपरं आणि बुटांची टोकं बर्फात रुतवली आणि तीसेक फुटांवर थांबला. तळहात सोलले, बाकी काही नाही. गाइड पायऱ्या खणत खाली गेला आणि त्याला घेऊन वर आला. पण असं थांबणं मेहुण्याला जमलं ते आदल्या संध्याकाळी आम्ही गाइडच्या मागे लागून छोट्या उतारावर अर्धा तास घसरून थांबायचा सराव केला म्हणून, तो काही पॅकेजमध्ये नव्हता, आम्हीच मागितला. ग्रुपमधल्या दहा जणांनी तो केला नाही कारण थंडी होती. कृपया करा. थंडी असली तरी करा.

आपल्याकडे सह्याद्रीत घसाऱ्यावर भीती वाटली की आपण बूड टेकतो, हात मागे रोवतो आणि हळूहळू सरकत उतरतो. तीच सवय इथे घात करते. उताराच्या बर्फावर बसलात की थेट वेग, आणि वॉटरप्रूफ पँट असेल तर अजून जास्त. उभं राहायचं, वजन पायावर ठेवायचं. चढताना बुटाचं टोक दोन-तीनदा मारून जागा करायची, उतरताना टाच दणकून मारायची, आडवं जाताना बुटाची वरच्या बाजूची कड आत घालायची. आमचा गाइड, बावीस-तेवीसचा पोरगा, दिवसभर एकच ओरडत होता, "सर, एड़ी मारो, एड़ी! बैठना नहीं!" त्या पोराबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्याने चौदा जणांना खाली आणलं. तक्रार त्याला चौदा जणांमागे एकटं पाठवणाऱ्यांबद्दल आहे, आणि जोब्राला पोचल्यावर मायक्रोस्पाइक्स आणि गेटर्सचे माणशी आठशे वेगळे मागणाऱ्यांबद्दल, कारण फोनवर "सगळं आम्ही देतो" असं म्हणाले होते. त्यातले दोन मायक्रोस्पाइक्स रबर चिरलेले होते. भाड्याने घ्यायचेच असतील तर मनालीत स्वतः बघून, बुटावर चढवून, ताणून घ्या.

पासवर दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पोचलो. तिथे पाच मिनिटांसाठी ढग बाजूला झाले आणि इंद्रासन शिखर अख्खं समोर आलं, ६२२१ मीटर, इतकं जवळ की बोलणंच बंद झालं सगळ्यांचं. मी रडलो. मेहुणा सोललेल्या हातांनी माझ्या गळ्यात पडला. ते पाच मिनिटं मी विसरणार नाही आणि म्हणूनच "जाऊच नका" असं सरसकट लिहवत नाहीये.

पलीकडची उतरण जास्त तीव्र आहे. तिथे सगळे बसून घसरगुंडी करतात, मजा येते, पण गाइडने खालपर्यंतचा उतार बघून हो म्हटल्याशिवाय नाही, आणि घसरण्याआधी मायक्रोस्पाइक्स काढायचेच. दात बर्फात अडकला की शरीर पुढे जातं आणि घोटा मागे राहतो.

गॉगलचं पण लिहायलाच हवं. आमच्यातल्या एकाने धुकं साठतं म्हणून दोनेक तास गॉगल काढून ठेवला, ढग होते ना, ऊन कुठंय म्हणे. रात्री सियागोरूला त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी, वाळू गेल्यासारखी आग, डोळे उघडेनात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याला हाताला धरून चालवावं लागलं. ढगांतूनही अल्ट्राव्हायोलेट येतं आणि बर्फावरून खालून परत येतं, त्यामुळे कडेने बंद असलेलाच गॉगल हवा, आणि सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा, माझी नेमकी तीच कातडी सोलली आहे.

सियागोरूचा ओढा संध्याकाळी बघितला तर कमरेएवढा आणि गढूळ, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तोच गुडघ्याखाली. दिवसभर वितळलेलं पाणी संध्याकाळपर्यंत वाढत जातं, म्हणून कोणी "आजच पलीकडे जाऊ" म्हणालं तर ऐकू नका. पट्ट्यांच्या सँडल घालून क्रॉस करा, अनवाणी नको, तळपाय बधिर झाले की कापलेलं पण कळत नाही.

पुढे ट्रेक जिथे संपतो त्या छत्रूच्या वाटेवर नाल्यांवर बर्फाचे पूल लागतात. मधोमध खोलगट झालेला, राखाडी दिसणारा किंवा खालून पाण्याचा मोठा आवाज येणारा पूल असेल तर वर जाऊन दुसरी जागा शोधा. पक्का वाटला तरी एकेकानेच जायचं, आणि सॅकचा कमरेचा पट्टा सोडून. एका पुलावर आम्ही तिघे एकामागोमाग चढलो होतो तेव्हा गाइड पहिल्यांदाच चिडला, आणि त्याचं बरोबर होतं.

शेवटचं म्हणजे गाडी. आमचं पॅकेज छत्रूला संपतं हे बारीक अक्षरात होतं, मनालीपर्यंतची गाडी आपली आपण. छत्रूला फोनला रेंज नव्हती, गाड्या दोनच, आणि समोरचा ड्रायव्हर बघतोय की हे लोक ओले आहेत, थकले आहेत, एकाला दिसत नाहीये. नऊ हजार मागितले, साडेआठला तुटलं. ग्रांफूपर्यंतचे १७ किलोमीटर रस्ता नावालाच आहे आणि पुढे अटल टनेलमधून मनाली, त्यामुळे भाडं थोडं जास्त असणार हे मान्य, पण आमच्याच पुढे निघालेल्या ग्रुपने मनालीतून ठरवून आणलेल्या तशाच गाडीचे पाच हजार दिले होते. पुढे चंद्रताल तलावाला नेण्याचं सांगितलं असेल तर रस्ता उघडलाय का ते पैसे भरायच्या आधी विचारा, आमच्या वेळी बंद होता आणि त्याचे पैसे मात्र पॅकेजमध्ये धरलेले होते, अजून परत आलेले नाहीत.

बुकिंग झालेलं असेल तर आजच फोन करा आणि तीन गोष्टी मेसेजमध्ये लेखी घ्या: बालू का घेराहून निघायची वेळ पहाटे चार, आठ माणसांमागे निदान एक गाइड, आणि छत्रूहून गाडी कोणाची. चारच्या वेळेला नाही म्हणाले तर जुलैच्या तारखा मागा. पाऊस लागेल, पण तो ट्रॅव्हर्स तेव्हा बहुतेक नुसती पायवाट असेल.