गॅसचा भाव पाडाल तर खबरदार

अमेरिकेतल्या एका चौकात समोरासमोर दोन गॅस स्टेशनं. इथे गॅस म्हणजे आपलं पेट्रोल, आणि भाव असतो गॅलनचा, म्हणजे ३.७८५ लिटरचा. एका खांबावर ३.१९ डॉलर, समोर ३.१५. दुपारी पहिल्याची पाटी ३.१५ होते, संध्याकाळपर्यंत समोरची ३.११. प्रत्येक आकड्याच्या शेपटाला बारीक अक्षरात ९/१० असतं. कर सेंटच्या अपूर्णांकात लागायचे त्या काळापासून ते चिकटलंय. ३.१९ वाचलं तरी मनात ३.२० धरायचे.

सकाळी सहाला देशभर एकदम भाव बदलण्याची सवय असलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे ठरवतं कोण? बहुतेक ठिकाणी पंपमालकच. खांबावर मोठ्या तेल कंपनीचं चिन्ह असलं तरी पंप तिचा असेलच असं नाही. एक्झॉनमोबिलने तर २००८ मध्येच अमेरिकेतले स्वतःचे पंप विकून किरकोळ धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. मालक कंपनीशी करार करून चिन्ह लावतो आणि माल घेतो. काहीजण बिनचिन्हाचा माल घेतात. घाऊक भाव डेपोवर, म्हणजे टर्मिनलवर, टँकर भरतात तिथला, त्याला ‘रॅक’चा भाव म्हणतात. बिनचिन्हाचा माल एरवी काही सेंट स्वस्त असतो, पण तुटवडा आला की आधी तोच महागतो आणि आधी तोच मिळेनासा होतो. म्हणून स्वस्त म्हणून ओळखला जाणारा पंप वादळानंतर अचानक महाग दिसला, तर त्यात लबाडीच असेल असं नाही.

आता एका टँकरचं गणित. त्यात साधारण साडेआठ हजार गॅलन येतात. गॅलनमागे एक सेंट उतरवला की पूर्ण टँकरमागे ८५ डॉलर गेले. ३.२० च्या भावाला कार्डाचं शुल्क अडीच टक्के धरलं तर आठ सेंट तिथेच जातात. म्हणून कित्येक पाट्यांवर रोख आणि क्रेडिट असे दोन भाव दिसतात. शिवाय गॅलनमागे १८.४ सेंट केंद्राचा कर, जो १९९३ पासून तसाच आहे, आणि वर राज्याचा वेगळा. भाव पडला म्हणून कर कमी होत नाही, त्यामुळे मालकाच्या हातात खेळायला उरतात ते मोजके सेंट. खरी कमाई आतल्या दुकानात, कॉफी आणि सिगारेटवर. भावाची ही लढाई पेटवणाराही सहसा तोच, ज्याला गॅसवर कमवायचं नसतं: मोठं वाणसामानाचं दुकान, सभासदांचं घाऊक दुकान, किंवा गिऱ्हाईक खेचायचं असलेला नवा पंप.

लढाई संपते तीही एका झटक्यात. ओहायो, इंडियाना, मिशिगन या पट्ट्यात हे चक्र स्पष्ट दिसतं. रोज दोन-तीन सेंट घसरण, आणि मग एक दिवस एखादी मोठी साखळी आपल्या सगळ्या पंपांवर भाव एकदम वीस-तीस सेंटनी उचलते. बाकीचेही काही तासांत तिच्या मागोमाग भाव चढवतात. उपयोगाची गोष्ट एवढीच: एका साखळीची पाटी उडालेली दिसली, तर पुढच्या चौकातल्या स्वतंत्र पंपावर लगेच टाकी भरा. दुसऱ्या दिवशी तिथेही तोच भाव असेल.

यात बेकायदा काय? समोरच्याची पाटी बघून आपली बदलणं कायद्याला चालतं. फोन करून ‘उद्या दोघंही दहा सेंट वाढवू’ म्हटलं की संगनमताविरुद्धचा १८९० चा शर्मन कायदा लागतो. १९३० च्या दशकात मिडवेस्टमध्ये, म्हणजे वरच्याच पट्ट्याच्या भागात, विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी भाव टिकावा म्हणून पडेल भावाने विकला जाणारा माल बाजारातून उचलायचं ठरवलं. प्रत्येक मोठ्या कंपनीने एखाद-दुसरा छोटा रिफायनरीवाला निवडायचा होता, आणि त्या जोडीदाराला चक्क ‘डान्सिंग पार्टनर’ म्हणत. १९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भाव संगनमताने ठरवणं हाच गुन्हा. ठरवलेला भाव वाजवी होता हा बचाव चालणार नाही.

दुसरा खटला जास्त चटका लावणारा आहे. १९५५ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये एका सनोको पंपासमोर स्वस्त विकणारा नवा पंप आला. सनोकोवाला २८.९ सेंटला विकत होता आणि गिऱ्हाईक गळत होतं. सनोकोचा माल पुरवणाऱ्या सन ऑइल कंपनीने त्या एकट्याला गॅलनमागे १.७ सेंटची सूट दिली. त्याने स्वतःच्या पदरचे घालून भाव तीन सेंट उतरवला, २५.९ वर आणला. झालं, गावातले सनोकोचेच दुसरे पंप उघडे पडले, त्यांना सूट नव्हती. १९६३ मध्ये कोर्टाने कंपनीचा बचाव फेटाळला. १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा एका गिऱ्हाइकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग विकायला आडकाठी करतो. स्पर्धकाच्या भावाशी बरोबरी करायची मुभा त्यात आहे, पण ती स्वतःच्या स्पर्धकाशी. गिऱ्हाइकाच्या, म्हणजे पंपवाल्याच्या, स्पर्धकाशी नव्हे. लहान पंपवाल्याला वाचवणारा कायदा म्हणायचा, आणि त्यानेच लहान पंपवाल्याला मिळालेली मदत बेकायदा ठरवली!

राज्यांचे कायदे याहून मजेशीर. विस्कॉन्सिनमध्ये १९३९ पासून किमान नफ्याचा कायदा आहे. गॅससाठी हिशोब असा: जवळच्या टर्मिनलचा सरासरी भाव, त्यात कर आणि वाहतूक मिळवा, वर ९.१८ टक्के. दुसरी रीत, आपल्या खरेदीखर्चावर ६ टक्के. दोन्हींत जो आकडा मोठा, त्याखाली विकायचं नाही. समजा टर्मिनलचा भाव, कर, वाहतूक धरून २.८० झाले. त्यावर ९.१८ टक्के म्हणजे २५.७ सेंट, एकूण ३.०५७. पाटी ३.०५ आणि ९/१० लागली की जेमतेम कायद्यात बसलात. गंमत म्हणजे हा टक्का करावरही चढतो. दंडाची भीती सरकारइतकीच शेजाऱ्याचीही. नुकसान झालेला स्पर्धक स्वतः दावा लावू शकतो आणि दिवसाला २,००० डॉलर किंवा नुकसानीच्या तिप्पट, यातली मोठी रक्कम मागू शकतो. तिथल्या एका पंपमालकाने ज्येष्ठांना गॅलनमागे दोन सेंट सवलत दिली, तर राज्याने ती बंद करायला लावली. २००९ मध्ये संघीय न्यायाधीशाने गॅसपुरता हा कायदा रद्द ठरवला, २०१० मध्ये अपील कोर्टाने तो परत उभा केला.

पळवाट म्हणजे स्पर्धकाच्या भावाशी बरोबरी. समोरचा खाली उतरला असेल तर त्याच्या आकड्यापर्यंत जाता येतं, त्याच दिवशी राज्याच्या खात्याला कळवून. एक सेंटही खाली नाही. म्हणजे पहिला कुणीतरी चुकला की बाकी सगळे कायदेशीर! कोण पहिला उतरला हे मग पाट्यांच्या फोटोंवरून आणि वेळेवरून भांडायचं.

न्यू जर्सीत खर्चाखाली विकायला बंदी आहेच, वर चोवीस तासांत भाव एकदाच बदलता येतो. म्हणजे वर सांगितलेलं दुपार-संध्याकाळचं युद्ध तिथे होऊच शकत नाही. आणि स्वतः नोझल हातात घ्यायची नाही, १९४९ पासून. गाडीत बसून राहायचं. मेरीलँडने १९७४ मध्ये रिफायनरी कंपन्यांना पंप स्वतः चालवायला मनाई केली, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. फ्लोरिडा आणि अलाबामातही खर्चाखाली विकण्यावर बंधनं आहेत.

महाग विकायचं काय? त्याला एरवी जवळपास काहीच बंधन नाही. संकटकाळी मात्र राज्यांचे कायदे जागे होतात. आणीबाणी जाहीर झाल्यावर कॅलिफोर्नियात आधीच्या भावापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढ चालत नाही, मालकाचा स्वतःचा खर्चच वाढला असेल तर वेगळी गोष्ट. आणीबाणी जाहीर नसेल तर पाच डॉलर लावा नाहीतर सात.

नव्याने आलेल्यांनी पंपावर जपायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. पाटीवरचा मोठा आकडा बऱ्याचदा रोखीचा किंवा सभासदांचा असतो. नोझल उचलण्याआधी पंपाच्या पडद्यावर कोणता भाव लागलाय ते बघा. पंप पाच आकडी झिप, म्हणजे इथला पिनकोड, मागतो आणि भारतातलं कार्ड तिथे अडतं. तेव्हा आत जाऊन पंपाचा नंबर सांगायचा, चाळीस डॉलर आगाऊ द्यायचे, आणि टाकी पस्तीसलाच भरली तर उरलेले पाच परत घ्यायचे. डेबिट कार्ड बाहेर लावलंत तर पंप आधी मोठी रक्कम अडवून ठेवतो, १७५ डॉलरपर्यंतही. भरलंय तीसचं, आणि खात्यातले बाकीचे पैसे कधी काही तास तर कधी दोन-तीन दिवस हलत नाहीत. महिनाअखेरीला आतच पैसे दिलेले बरे.